एकाच गळ्यातली गाणी

(सटाणा येथे बचत गटांच्या कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय मी निवडलेला नाही. मागच्या बैठकीत तुम्ही चिठ्ठ्या लिहून दिल्यात. त्यांत दारू होती, रेशन होतं, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचं होतं, आणि तीन चिठ्ठ्या गाण्यांच्या होत्या. एकीत लिहिलं होतं, हळदीच्या रात्री डीजेवर लागणारी गाणी बाईमाणसाला ऐकवत नाहीत, ग्रामसभेत ठराव करून बंद करा. दुसरीत होतं, आम्हाला वर्षातून चार रात्री नाचायला मिळतं, त्याच्यावर तरी बंदी आणू नका. तिसरी चिठ्ठी मी चार वेळा वाचली. तिच्यात होतं, 'ज्या आवाजातलं देवाचं गाणं ऐकून माझे डोळे भरून येतात, त्याच आवाजातलं दुसरं गाणं लागलं की माझा नवरा माझ्याकडे बघून हसतो. तो आवाज मी ऐकू की नको?'

पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर आपण भांडू शकतो, भांडूच. पण खरा प्रश्न तिसरीचा आहे. एकच कलावंत एका हाताने अमृत देतो आणि दुसऱ्या हाताने गटारातलं पाणी. त्याचं काय करायचं?

हे काही डीजेपासून सुरू झालेलं नाही. पेशवाईच्या उतरत्या काळातला होनाजी घ्या. पुण्याचा गवळी. तो रचायचा आणि त्याचा जोडीदार बाळा करंजकर गायचा, म्हणून होनाजी बाळा हे जोडनाव. पहाटे कृष्णाला उठवणारी त्याची भूपाळी आपल्या आज्या म्हणत, रेडिओवर लागे. व्ही. शांताराम यांनी १९५१ साली 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला तो याच होनाजीवर. वसंत देसाईंचं संगीत, लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांचे आवाज. आणि याच होनाजीने रात्रीच्या बैठकीसाठी ज्या लावण्या रचल्या, त्यांतल्या काही आज इथे वाचून दाखवायच्या म्हटल्या तर तुमच्यातल्या निम्म्या पदर तोंडाला लावतील. पहाट आणि रात्र, दोन्हींचा शाहीर एकच. पहाटेची भूपाळी आपण देवघरात ठेवली, रात्रीची लावणी पुरुषांच्या बैठकीत ठेवली आणि होनाजीचे दोन होनाजी केले.

संगमनेरच्या अनंत फंदीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अहिल्याबाई होळकरांनी त्याला तमाशावरून सुनावलं, आणि त्याने डफ फोडून कीर्तन धरलं, असं परंपरेने सांगतात. आपल्या चळवळीतल्या पुष्कळ जणींच्या मनात हीच गोष्ट असते. आपण सुनवायचं आणि शाहिराने डफ फोडायचा! पण बायांनो, आपल्या हातात इंदूरचं राज्य नाही. डफ फुटला तरी त्या डफावर पोट असणाऱ्या बाईचं काय, हे ती गोष्ट सांगत नाही.

आता जवळच्या काळात या. 'पिंजरा' कोणी कोणी पाहिलाय? हात वर करा. बघा, एकही हात खाली नाही. १९७२चा चित्रपट. जगदीश खेबूडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत, उषा मंगेशकरांचा आवाज. लावण्या अशा की ढोलकी ऐकताच पाय ठेका धरतात. लिहिणारा माणूस पेशाने शाळामास्तर. भजनं लिहिली त्यानेच, लोहाराच्या घामाचं गाणं लिहिलं त्यानेच, लावण्याही त्यानेच. एवढी मोठी झेप असलेले गीतकार मराठीत थोडे झाले. आता 'पिंजऱ्या'ची गोष्ट आठवा. आदर्श मास्तर गावातून तमाशा हाकलायला निघतो, तमाशातल्या बाईच्या नादी लागतो, शेवटी ज्याचा खून झालाच नाही त्या स्वतःच्याच खुनाच्या आरोपात अडकतो. पिंजरा कोण? बाई. मास्तर स्वतःच्या पायांनी फडावर गेला, स्वतःच्या डोळ्यांनी बघत बसला, तरी अडकवणारी ती. मूळ गोष्टही आपली नाही, १९३०च्या 'ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटावरून घेतलेली आहे. म्हणजे बाईला पिंजरा ठरवण्यात आपणच पुढे होतो असं नाही, जर्मनीतही तेच.

मला ती गाणी आवडतात. आजही लागली की मी रेडिओचा आवाज वाढवते. पण त्या गोष्टीतून बाईबद्दल जे सांगितलंय ते मला मान्य नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे स्वतःला सांगायला मला बरीच वर्षं लागली. शिबिरात आपण 'पिंजरा' दाखवावा असं माझं मत आहे. आधी पोटभर गाणी ऐकावीत आणि मग चंद्रकलेच्या बाजूने ती गोष्ट पुन्हा सांगायला बसावं. मास्तरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिची कोणी सांगितली?

दादा कोंडक्यांचं नाव घेतलं की आपल्या बैठकीत दोन तट पडतात. एका बाजूला हसू, एका बाजूला कपाळाला आठ्या. हा माणूस कुठून आला हे मात्र आपण विसरतो. नायगावच्या गिरणगावातला पोरगा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य त्यांनी महाराष्ट्रभर गाजवलं. त्यात राजा, प्रधान, कोतवाल, सगळ्यांची टोपी उडवली जाते. १९७१ला 'सोंगाड्या' आला तेव्हाही त्या भोळ्या, आईला भिणाऱ्या पोराच्या दुअर्थी बोलण्यात एक गंमत होती, कारण त्यात फजिती शहाण्यांची व्हायची. पुढे पुढे काय झालं बघा. तोच दुसरा अर्थ पाटलावरून, फौजदारावरून घसरला आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर येऊन पडला. १९८६च्या हिंदी चित्रपटाचं नुसतं नाव आठवा, 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में'. नावातच सगळं आलं. चित्रपट चालत होते, लागोपाठ रौप्यमहोत्सव होत होते, मग थांबायचं कशाला? माझ्या मते दादांची खरी प्रतिभा वर चढणाऱ्या विनोदात होती. खाली उतरणारा विनोद कोणीही करतं. चावडीवर बसलेली टवाळ पोरंही करतात.

तिसऱ्या चिठ्ठीच्या सर्वांत जवळचं उदाहरण मात्र कॅसेटच्या काळातलं आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज माहीत नसलेलं घर महाराष्ट्रात सापडणार नाही. १९३३चा जन्म, २००४ला गेले. दलित कुटुंबातला हा गायक. आषाढीला पंढरीच्या वाटेवर ज्याचा आवाज गावागावाच्या कर्ण्यातून जातो, आणि १४ एप्रिलला ज्याचा आवाज भीमनगराच्या कमानीवरून येतो, तो एकच माणूस. हे केवढं मोठं काम आहे! ज्या देवळाच्या पायरीवर त्याच्या आज्या-पणज्यांना उभं राहू दिलं नसतं, त्या देवळाचा सकाळचा आवाज तो झाला. याला मी थोर म्हणते आणि त्यात हातचं काही राखून ठेवत नाही.

पण त्या कॅसेटच्या बाजारात भक्तिगीतं आणि भीमगीतं यांच्या शेजारी तिसरा ढीग होता. त्यात कव्वालीचे सामने होते, बाई आणि बुवा एकमेकांना टोमणे मारतात तसले. नवऱ्याच्या डोक्यावर बसलेल्या बायकोची टिंगल होती, फॅशन करणाऱ्या पोरीची टिंगल होती, आणि दुअर्थी लोकगीतं होती. प्रल्हाददादांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं ऐंशीच्या दशकात घरोघर गेलं. त्यांचीच भीमगीतं ऐकून लोक उभे राहतात. एकाच दुकानात, एकाच फळीवर, तिन्ही ढीग. कंपनीला कॅसेट विकायची होती, आणि गायकाला घर चालवायचं होतं. दलित गायकाला आकाशवाणीवरच्या भावगीतांचा आणि शहरातल्या मैफलींचा दरवाजा कितीसा उघडा होता, हेही आपण विचारलं पाहिजे. ज्याला एकच दार उघडं असतं तो त्या दाराने जातो. हे मी त्या गाण्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. राग आणायचा तर पूर्ण हिशोब मांडून आणावा, एवढंच म्हणते.

आणि सगळं वाईट गाणं एका जातीचं नसतं. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी हजारोंनी गाणी लिहिली. इतकं लिहिणाऱ्याचं प्रत्येक गाणं सोनं असणार नाही. काही गाणी त्या दिवसाच्या सभेपुरती, दुसऱ्या दिवशी शिळी. पण शिळी भाकरी आणि विषारी भाकरी यांत फरक आहे की नाही? कच्च्या गाण्याने कोणाचं वाईट होत नाही. मला बोलायचंय ते विषाबद्दल.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या चळवळीत इथेच गोंधळ होतो. आपण अश्लील आणि अपमानकारक हे दोन शब्द एकाच पिशवीत टाकतो. लावणीतली बाई म्हणते, मला तू हवास, रात्र सरत चालली, तू आला नाहीस. याला अश्लील म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. मला त्यात अपमान दिसत नाही. बाईला इच्छा असते असं उघड म्हणणारी जागा आपल्या समाजात कितीशी आहे? सुलोचना चव्हाणांनी (१९३३ ते २०२२) त्या इच्छेला ठसका दिला तो डोक्यावरचा पदर न ढळू देता, जागेवरून न हलता. आता एखादं सोज्वळ कौटुंबिक गाणं ऐका. त्यात कुंकू आहे, तुळस आहे, आणि सांगितलंय काय, तर नवरा मारो, झोडो, बाईने उंबरा सोडू नये. हे गाणं लहान मुलींसमोर लावतात. कोणी ग्रामसभेत ठराव मांडत नाही. मैत्रिणींनो, मला विचाराल तर पहिलं गाणं चांगलं आणि दुसरं भयंकर.

अर्थात लावणीचंही सगळं सरळ नाही. ती इच्छा बाईच्या तोंडी घातली पुरुषांनी, आणि ऐकणारेही पुरुषच. बाईचं सोंग घेऊन नाचायचा तो पोरगा, नाच्या. खरी बाई फडावर आली ती नंतर. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी नेमकं हेच दाखवलं. कुठल्या जातीच्या बाईचं शरीर लावणीत सतत हपापलेलं दाखवलं जातं, आणि त्यामुळे कुठल्या जातीची बाई आपोआप शालीन ठरते? हा प्रश्न आपण प्रत्येक गाण्याला विचारला पाहिजे.

म्हणून पवळाचं नाव घेते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली मुलगी. तमाशाच्या फडावर बाई म्हणून जिचं नाव पहिल्यांदा महाराष्ट्रभर झालं, ती ही. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, १८६६ ते १९४५. तिच्यासाठी त्यांनी कुलकर्णीपण सोडलं, जात सोडली, असं आपण ऐकतो. त्यांच्या लावण्यांबद्दल मी वाद घालणार नाही. मराठीत असा शब्दांचा कारागीर क्वचित झाला. पण गोष्ट नेहमी त्याच्या त्यागाची सांगतात. तिने काय सोडलं, तिला काय मिळालं, तिकिटाचे पैसे कोणाच्या हातात पडत, हे कोणी सांगत नाही. आंबेडकरी चळवळीत एक आठवण सांगितली जाते. बापूराव चळवळीसाठी खेळाच्या उत्पन्नातून देणगी घेऊन आले, तेव्हा आमच्या समाजाच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको, असं म्हणून बाबासाहेबांनी ती परत केली. मी ही आठवण सांगते तेव्हा सभेत टाळ्या पडतात. मग मी विचारते, बाबासाहेबांनी पैसा नाकारला, पण त्या रात्री पवळा काय जेवली? टाळ्या थांबतात. बाबासाहेबांचा मुद्दा जातीच्या मानाचा होता आणि तो बरोबरच होता. पवळाच्या पोटाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नव्हता.

विठाबाई नारायणगावकरांचंही तेच. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई. दिवस भरलेले असताना फडावर उभी होती, रंगमंचामागे बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली, हे सगळे कौतुकाने सांगतात. अहो, कौतुक कसलं करता? प्रेक्षक थांबत नव्हते म्हणून ती आली. २००२ साली ती गेली तेव्हा दवाखान्याच्या खर्चाचीही ओढाताण होती. आता तिच्या नावाने सरकारचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. ती फडावर कधी उत्तम गायली असेल, कधी शिट्ट्यांसाठी वाटेल ते केलं असेल. तिच्या वाईट गाण्याचा हिशोब मी तिच्याकडे मागणार नाही. शिट्टी मारणाऱ्याकडे मागेन.

इतका वेळ आपण पुरुष शाहिरांना धुतलं. आता आपल्या माजघरात येऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्या ओव्यांसारखं सत्य कुठल्या पुस्तकात नाही. सासरचा जाच, माहेरची वाट, पाठच्या भावाची माया, एकेका ओवीत एकेक कादंबरी. आणि त्याच जात्यावर, त्याच बाईच्या तोंडून, लेक झाली म्हणून हळहळणाऱ्या ओव्या आहेत, सवतीला शाप आहेत, वांझ बाईला हिणवणं आहे, खालच्या जातीच्या बाईला टोमणे आहेत. आपल्या खानदेशाकडे आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर गातात ती गाणी आठवा. गवराईची किती सुरेख गाणी! त्याच सणाला दुसऱ्या गावच्या बायांना शिव्या घालणारी गाणीही आपणच गातो, आणि मोठ्या हौशीने गातो. लग्नात विहिणीला जे ऐकवतो ते डीजेवाल्याने ऐकवलं असतं तर आपण मोर्चा काढला असता! गाणारी बाई आहे एवढ्याने गाणं बाईच्या बाजूचं होत नाही. आजीची ओवी पुढच्या पिढीला देताना निवडून द्यावी लागते, तांदूळ निवडतो तशी. खडा आजीच्या हातचा असला तरी दाताखाली खडाच.

आता पहिल्या चिठ्ठीकडे, ठरावाकडे. बंदीचं काय होतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय. २००५ साली डान्स बार बंद केले. तेव्हा स्त्री-संघटनांमध्येच फूट पडली, काही बंदीच्या बाजूने, काही नाचणाऱ्या बायकांच्या बाजूने. २००६ला उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला, पुढे पुन्हा नवे कायदे, पुन्हा कोर्ट. मधल्या वर्षांत हजारो बायकांचा रोजगार गेला, बघणाऱ्या पुरुषांचं काही गेलं नाही. म्हणून तमाशा बंद करा, नाच बंद करा, या ठरावावर मी सही करणार नाही. डीजेचा आवाज आणि वेळ यांच्यासाठी कायदा आहेच, रात्री दहानंतर तो बंद करायला ठराव लागत नाही. गाण्यांची यादी मात्र नवरीच्या आईने आणि मावशीने आधी मागून घ्यावी. पैसे आपण देतो. ताटातली भाजी आपण ठरवतो, तर गाणं का नाही? नामपूरकडच्या दोन लग्नांत बायांनी हे केलं. सात गाणी काढायला लावली, बाकी सगळ्यांवर स्वतः नाचल्या. काढलेल्या सातांत एक भक्तिगीताच्या चालीवरचं होतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे त्यांनी चाल बघितली नाही, शब्द ऐकले.

आणि चाली आपण घ्यायच्याच. कोणाच्याही घ्यायच्या. आंबेडकरी जलशांनी तमाशाची ढोलकी आणि सवाल-जवाब घेतले, बाई नाचवणं बाहेर ठेवलं. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक १९८३ साली आलं, तेही आपल्या लोकगीतांच्या वळणावर उभं राहिलं आणि गावोगाव गेलं. चाल कोणाच्या बापाची नसते. पोपटाच्या चालीवर हुंडाबंदीचं गाणं बसतं, मी बसवून पाहिलंय. आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, 'हाऊ पोपट ते भलता शाना निघना.'

तिसरी चिठ्ठी लिहिणारी ताई इथे बसलेली असेल. ताई, तो आवाज ऐक. देवाचं गाणं त्या माणसाने मनापासून गायलंय, तुझे अश्रू फसवले गेलेले नाहीत. दुसरं गाणं लागलं की उठून बंद कर, आणि नवरा हसला तर त्याला विचार, काय हसण्यासारखं होतं ते मला समजावून सांग, शब्दाशब्दाने, पोरांसमोर. मी खात्रीने सांगते, दोन ओळींच्या पुढे त्याला जाता येणार नाही.

मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा भरेल. फड उतरला तर या वेळी आपण बघायला जाऊ, दुपारी, राहुटीत. गाणाऱ्या बायांना भेटू. कपडे बदलायला आडोसा आहे का, रात्री शौचालयाला कुठे जातात, तान्ही पोरं कोणापाशी ठेवतात, सुपारीतलं त्यांच्या हाती किती येतं, हे विचारू आणि लिहून घेऊन नगरपरिषदेला देऊ. त्यांना कोणती गाणी गायला आवडतात तेही विचारू. लोक कोणती मागतात हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जाताना या वहीत नाव लिहा, आणि ज्यांच्या घरी ढोलकी आहे त्यांनी नावापुढे तसं लिहा.